अर्ध्या नक्षीचा पाट

"ह्या पोरानं सकाळपासनं बूड टेकलेलं न्हाय!" हिंदुरावमामा माइकवर म्हणाले आणि अख्ख्या मंगल कार्यालयाने टाळ्या वाजवल्या.

मी स्टेजच्या पायरीशी उभा होतो. डोक्याला फेटा, डाव्या हाताला बँडेज. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

"सख्ख्या बहिणीचं लगीन हाय," मामा म्हणाले. "टेम्पो उतरवायला हा, पाव्हण्यांस्नी च्या द्यायला हा. खुर्ची दिली, नको म्हणला. सतरंजी टाकली, नको म्हणला. आज माझी आक्का धन्य झाली!"

आक्का म्हणजे माझी आई, मामांची थोरली बहीण. ती पहिल्या रांगेत बसली होती आणि धन्य झाल्यासारखी अजिबात दिसत नव्हती.

मी बसत नव्हतो याचं कारण साधं होतं. मला बसता येत नव्हतं. माझ्या उजव्या कुल्ल्यावर लिंबाएवढी भाजल्याची जखम होती. तिच्यावर मलम, मलमावर कापूस, कापसावर चिकटपट्टी. हे सगळं सहन करील असं वस्त्र घरात एकच सापडलं, पप्पांची पट्ट्यापट्ट्यांची नाडीची चड्डी. ती आत आणि वर ढगळ झब्बा-विजार, अशा थाटात मी नवरीचा पाठीराखा म्हणून मिरवत होतो.

ही हकीकत त्या कार्यालयात दोघांनाच माहीत होती, मला आणि आईला. पप्पांनासुद्धा नाही. बाकीच्यांसाठी अधिकृत गोष्ट अशी होती की लग्नाचा फराळ तळताना धैर्यशीलच्या हातावर तेल उडालं. धैर्यशील म्हणजे मी. बारशाला पुढचं कुणालाच माहीत नसतं.

आईने केली तेव्हा गोष्ट एवढीच होती. पण ती मामांच्या हाती लागली, आणि मामांच्या हाती लागलेली गोष्ट परत येते तेव्हा तिला मिशा फुटलेल्या असतात. हळदीच्या दिवशी कढई कलंडत होती आणि मी ती हाताने सावरली. लग्नाच्या सकाळी कढईशेजारी आचाऱ्याची बायको बसलेली होती. अक्षता पडेपर्यंत ती गरोदर झाली होती. मग वरपक्षाने मला स्टेजवर बोलावून शाल आणि श्रीफळ दिलं. "दोन जीव वाचवले पोरानं," नवरदेवाचे वडील म्हणाले. मी वाकून नमस्कार केला. वाकताना चिकटपट्टी ताणली गेली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यालाही टाळ्या पडल्या. आचारी ब्रह्मचारी होता. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून टाळ्या वाजवत होता.

खरी गोष्ट रुखवतात मांडलेली होती, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. ताईच्या मैत्रिणींनी केलेलं लोकरीचं तुळशीवृंदावन, मोत्यांची सप्तपदी, भोपळ्याच्या बियांचा मोर, आणि मधोमध दोन पाट. नवरानवरीने जेवायला बसायचे. शिसवी लाकूड आणि त्यावर काळीभोर नक्षी, मोठ्या नदीला ओढे मिळावेत आणि ओढ्यांना ओहोळ, तशी फुटत फुटत गेलेली. शेजारी कार्ड होतं : 'विद्युत-कला. कलाकार : चि. धैर्यशील.' कार्ड मामांनी छापून आणलं होतं.

नवऱ्याचा पाट पूर्ण होता. नवरीच्या पाटावर मात्र नक्षी दोन्ही कडांकडून निघून मध्यावर भेटायच्या आधीच थांबली होती. दाजींच्या आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, त्या पाटापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या.

"मला हा जास्त आवडला," त्या म्हणाल्या. "दोन घराणी जवळ येतायत, पण अजून भेटली नाहीत. केवढा विचार केलायस रे यात."

विचार कसला, लाइट गेली होती.

ही कला मी मोबाइलवर शिकलो. कुठल्याशा बर्फाळ देशातला एक दाढीवाला लाकूड ओलं करायचा, दोन टोकांना दोन तारा टेकवायचा, बटण दाबायचा, आणि लाकडावर निखाऱ्याची झाडं उगवत जायची. मागे बासरी वाजायची. त्याने गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातले होते. मला वाटलं, तिकडे थंडी असेल.

मी भंगारवाल्याकडून एक मेलेला मायक्रोवेव्ह ओव्हन आणला आणि त्याच्या पोटातला ट्रान्सफॉर्मर काढला. भिंतीतली वीज त्या ठोकळ्यातून बाहेर पडते तेव्हा जवळजवळ दहापट चढलेली असते. हे मला माहीत होतं. मी इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. दुसऱ्यांदा.

पहिला पाट मामांच्या देखत झाला. ते मुद्दाम बघायला आले होते, लांब उभे राहून "आगं आयायाऽ" म्हणत होते, आणि बघून झाल्यावर त्यांनी माझी दृष्ट काढली. दुसरा पाट मी लग्नाच्या आधीच्या आठवड्यात एकट्याने घेतला. परसात, धुण्याच्या दगडावर बसून. दगड ओला होता. मी हाफ पँटमध्ये, अनवाणी. नक्षी एका बाजूने भराभर येत होती, दुसऱ्या बाजूने रेंगाळत होती. तिला जरा मदत करावी म्हणून मी तार हाताने सरकवली. बटण चालू ठेवून.

वीज बसली की माणूस लांब फेकला जातो, असं मला वाटायचं. दर वेळी तसं होत नाही. हात तारेवर मिटतो आणि मिटलेलाच राहतो. ओरडावं म्हटलं तर छाती ऐकत नाही. डोळे मात्र चालू असतात, मला परस दिसत होतं, स्वच्छ. आणि मग लाइट गेली. आमच्या गावच्या लाइटवर मी तोवर पुष्कळ विनोद केले होते. त्यानंतर एकही केलेला नाही.

आई मला एसटीने लांबच्या, ओळख नसलेल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. वीज हातातून शिरून कुठून बाहेर पडली ते डॉक्टरांनी शोधून काढलं.

"ह्या उद्योगातले पेशंट माझ्याकडे येत नाहीत," ते म्हणाले.

"मग कुठे जातात?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

परत येताना आई म्हणाली, "तेल उडालं म्हणायचं. लगीन तोंडावर आलंय. भाऊ बहिणीचा पाट करताना मरता मरता वाचला असं पाव्हण्यांच्या कानावर गेलं, तर अपशकुन म्हणत्याल. पोरीला जन्मभर ऐकावं लागंल."

"बरं," मी म्हणालो. ती सीटवर बसली होती. मी दांडीला धरून उभा होतो.

त्या ठोकळ्याला तारांसकट मी नारळाच्या पोत्यात बांधलं आणि माळ्यावर ढकलून दिलं. तो मोडून टाकायला हवा होता. पण त्याला पुन्हा हात लावायची माझी छाती झाली नाही.

तर टाळ्या थांबल्या आणि मामा म्हणाले, "आता खरी गंमत बघा!"

सप्तपदी झाली होती. पहिली पंगत उठली होती, दुसरीची पानं मांडली जात होती आणि मधल्या वेळात वऱ्हाड पेंगायला लागलं होतं. ताई आणि दाजी स्टेजवरच्या लाल मखमली खुर्च्यांवर बसले होते. तिच्या शालूची आणि त्यांच्या उपरण्याची गाठ अजून सोडलेली नव्हती. मामांनी हाताने खूण केली आणि टेम्पोवाला एक पोतं घेऊन वर आला.

पोतं मी ओळखलं.

"नारळ काढाय माळ्यावर चढलो तर हे गावलं," मामा माइकवर सांगू लागले. "म्हणलं, कलाकाराचं अवजार असं अंधारात पडून ऱ्हातंय व्हय?" त्यांनी ट्रान्सफॉर्मर बाहेर काढला. त्याला हळदीकुंकू लावलेलं होतं. वर झेंडूची माळ होती. "विहीणबाईंस्नी अर्धा पाट लई आवडला. पर काम अर्धं ठिवून लेक सासरी धाडायची आमच्यात रीत न्हाय. तवा आत्ता, समद्यांच्या म्होरं, ही नक्षी नवरानवरी सोताच्या हातानं पुरी करणार! एक तार नवऱ्यानं धरायची, एक नवरीनं! आणि बटण दाबायचा मान वरपित्याचा!"

वऱ्हाड खडबडून जागं झालं. कुणीतरी रुखवतातून नवरीचा पाट उचलून स्टेजवर आणला. फोटोग्राफर खुर्चीवर चढला. दाजींचे वडील कोट सारखा करत भिंतीवरच्या बोर्डाकडे निघाले.

मी स्टेजवर नजर फिरवली. दाजी अनवाणी होते, कारण करवल्यांनी त्यांचे जोडे पळवले होते आणि तह अजून झालेला नव्हता. ताई अनवाणी होती, कारण ती नवरी होती. मामांनीही चपला काढून बाजूला ठेवल्या, कारण अवजाराची पूजा झालेली होती. फरशीवर सांडलेलं पंचामृत नुकतंच ओल्या फडक्याने पुसून काढलं होतं. पाट भिजवावा लागतो हे मामांच्या लक्षात होतं, त्यामुळे त्यांनी तांब्याभर पाणी त्याच्यावर ओतलं, आणि ते घरंगळत दोन्ही मखमली खुर्च्यांच्या पायांपर्यंत गेलं. ताईच्या हातात कोपरापर्यंत बांगड्या, त्यांत सोन्याच्या पाटल्या. एखाद्या इंजिनिअरने या दोघांना ठार मारायचा बेत आखला असता, तर त्याला इतकं नेमकं जमलं नसतं. आमच्याकडे ते नुसत्या चांगल्या वळणाने जमून आलं होतं.

मी पायऱ्या चढून वर धावलो. पाय फेंगडे पडत होते.

"मामा, नको. वीज बसेल त्यांना."

"आला बघा!" मामा माइकवर म्हणाले. "आमचा जोकर आला!"

लोक हसले. यात मामांचा काही दोष नव्हता. साखरपुड्यात मीच माइक घेऊन जाहीर केलं होतं की नवरदेव बदलून आलाय, मूळ माल हवा असेल तर पाहुण्यांनी पावती दाखवावी. लग्नाच्या आधी वरपक्षाला आवाज बदलून फोन केला होता की कार्यालयात त्याच दिवशी जनावरांचं लसीकरण शिबिर आहे, पण काळजी नसावी, बैल मंगलाष्टकांच्या वेळी गप्प बसतात. दाजी हसले होते. दाजींचे वडील कार्यालयात जाऊन बघून आले होते.

"दाजी," मी म्हणालो, "गंमत नाही करत. ही तार हातात धरली की माणूस मरतो."

दाजींनी ताईला कोपराने ढोसलं. "तेजू, बघ ना. ह्याच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही."

"धैर्या, पुरे आता," ताई हसत म्हणाली. "मेकअप उतरंल माझा हसून."

मी बोर्डापाशी जाऊन ठोकळ्याची पिन उपटली. मामांनी पिन परत घातली. "लाजतंय," त्यांनी सभेला सांगितलं. मी परत उपटली. मामांनी माझ्या पाठीत प्रेमाने धपाटा घातला आणि परत घातली. दुसऱ्या पंगतीला बसलेले लोक पानं सोडून बघायला आले. विहीणबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

तेवढ्यात दाजींच्या वडिलांनी मला खांद्याला धरलं. माणूस फार मायाळू. "बाळा," ते म्हणाले, "हात भाजलेला असून राबतोयस. थकवा डोक्यात जातो कधी कधी. बस जरा." आणि दोन्ही खांदे दाबून त्यांनी मला स्टेजवरच्या लोखंडी खुर्चीवर बसवलं.

मी ओरडलो. आयुष्यात माझ्या तोंडून इतका मनापासून आवाज कधी निघाला नव्हता. मी उसळून उभा राहिलो, फेटा उडून पाटावर पडला, आणि कार्यालय अक्षरशः लोळायला लागलं. मागून कुणीतरी "वन्स मोअर!" ओरडलं.

मी माइक हिसकावून घेतला. काय सांगायचं ते मला ठाऊक होतं. तेल नव्हतं, कढई नव्हती, बाई नव्हती. पण समोर सगळं वऱ्हाड बसलं होतं, माझ्या अंगावर त्यांनीच पांघरलेली शाल होती, आणि पप्पा, ज्यांना मी परीक्षा सोडून कशानेच कधी चकित केलं नव्हतं, ते तिसऱ्या रांगेत शेजाऱ्याला "आमचा धाकटा" असं बोट दाखवून सांगत होते. मी आईकडे बघितलं. ती उभी राहिली होती. तिने मान हलवली. 'सांगू नको' म्हणत होती की 'धरू देऊ नको', हे मला आजही माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

माइक तोंडापाशी धरून मी नुसता उभा राहिलो. लोकांना वाटलं, हाही विनोदच, आणि ते वाट बघत हसले.

"चला, मुहूर्त टळतोय," मामा म्हणाले. त्यांनी एक तार दाजींच्या हातात दिली. दुसरी स्वतःच्या हातात धरून ते ताईला दाखवू लागले, "अशी धरायची बग, दोन बोटांत, पणतीची वात धरती तशी." ताईने हात पुढे केला. दाजींच्या वडिलांनी बटणावर अंगठा ठेवला आणि फोटोग्राफरकडे बघून हसले.

"सर, जरा इकडे बघा," फोटोग्राफर म्हणाला. "थांबा, मी सांगतो तेव्हा दाबा."

तो कॅमेरा सारखा करत होता तेवढाच वेळ होता. तोंडाने बोललेलं माझं काहीही आता तिथे कुणी खरं मानणार नव्हतं. ते मीच तसं करून ठेवलं होतं, गेली कित्येक वर्षं, मेहनत घेऊन.

मी शाल टाकली, झब्बा वर करून माइकसकट काखेत धरला, सगळ्या वऱ्हाडाकडे पाठ केली आणि विजारीची नाडी सोडली.

विजार खाली गेली. पट्ट्यापट्ट्यांची चड्डी बघून जो हशा झाला तो माझ्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा. पोरांनी शिट्ट्या मारल्या. बायकांनी डोळ्यांवर हात घेतले आणि बोटं फाकवली. फोटोग्राफरने कॅमेरा माझ्याकडे वळवला. मी चड्डी उजव्या बाजूने खाली ओढली, चिकटपट्टीचं टोक पकडलं आणि कापसासकट उपटून काढलं.

हसू पहिल्या रांगेत आधी थांबलं. मग दुसरीत. मग ते मागे मागे थांबत गेलं. अगदी शेवटी, जेवणाच्या हॉलच्या दारात, कुणीतरी एकटंच बराच वेळ हसत राहिलं होतं. त्याला कुणीतरी सांगितलं, मग तेही थांबलं. ते थांबलं याचं मला वाईट वाटलं. अर्धा उघडा उभा असतानासुद्धा मला ते हसू हवं होतं.

मी माइक तोंडाजवळ नेला. भिंतीकडे तोंड करूनच बोललो, वळायची लाज वाटत होती.

"तेल उडालं नव्हतं," मी म्हणालो. "कढई नव्हती. कुणी बाई नव्हती. मी हा पाट करत होतो. वीज हातातून शिरली आणि इथून बाहेर पडली. मी ओल्या दगडावर बसलो होतो. तुम्ही ओल्या फरशीवर उभे आहात."

माझ्यामागे तार खाली पडल्याचा आवाज आला. ती दाजींची. दाजींच्या वडिलांनी बटणावरचा अंगठा काढून कोटाच्या खिशात घातला.

"आरं पर," मामा म्हणाले. त्यांचा आवाज माइकशिवाय फार लहान होता. "तू तर हायस की धडधाकट. एवढ्याश्या जखमंनं काय हुतंय? जरा झणझणलं आसंल."

"मामा, लाइट गेली म्हणून वाचलो."

"मग गेली न्हवं लाइट? तेच म्हणतोय मी. देवाला काळजी."

ते हसायचा प्रयत्न करत होते. कार्यालयातलेही काही जण हलके झाले, खुर्च्या करकरल्या. मला कळलं की अजून थोडा वेळ गेला तर ही गोष्टसुद्धा मामांच्या हाती लागेल, तिलाही मिशा फुटतील, आणि पुढच्या कुठल्यातरी लग्नात तो ठोकळा झेंडूची माळ घालून परत निघेल. तेव्हा जे मी आईशीसुद्धा कधी बोललो नव्हतो ते बोललो. त्यासाठी मात्र वळलो.

"मामा, आई परसात होती."

मामा हसायचे थांबले.

"ती हौदावर धुणं धूत होती. मला बघून धुणं टाकून धावत आली. हात कोपरापर्यंत ओले. मला धरून ओढणार होती. मला सगळं दिसत होतं, मामा. मला फक्त 'आई, हात लावू नको' एवढं म्हणायचं होतं, आणि तोंड उघडत नव्हतं. ती आली. हात पुढे केला." मी बोटं वर करून दाखवली, चिमटीत मीठ धरतो तेवढी. "एवढं राहिलं होतं. मग लाइट गेली."

मामांनी पहिल्या रांगेकडे बघितलं. हिंदुरावमामांना आईने वाढवलेलं. आजी गेली तेव्हा ते रांगत होते, आणि आईला स्वतःची वेणी घालता येत नव्हती.

"आक्का?" मामा म्हणाले.

"व्हय," आई म्हणाली. बस, एवढंच.

मामा तसेच उभे राहिले. त्यांच्या हातातली तार अजून त्यांच्या दोन बोटांतच होती, ताईला दाखवायला धरलेली. ते तिच्याकडे बघायला लागले. मामांनी उसाच्या फडात हातातल्या काठीने नाग उचलून बाजूला टाकलेला मी पाहिला आहे. बैलांच्या झुंजीत मधे जाऊन उभे राहिलेले पाहिले आहेत.

"धैर्या," ते हळू आवाजात म्हणाले, "ही खाली ठिवू का?"

"थांबा." मी दाजींच्या वडिलांकडे बघितलं. त्यांनी पिन काढली. काढून ती हातात न ठेवता लांब सरकवून दिली. "ठेवा मामा आता."

"काय हुनार न्हाय न्हवं?"

"नाही होणार."

"बटण बंद हाय?"

"पिनच काढलीय, मामा."

तरी त्यांच्याने ती ठेववेना. तिकडे दुसऱ्या पंगतीचा भात निवत होता. शेवटी मामा गुडघ्यावर बसले आणि त्यांनी ती तार फरशीवर अशी ठेवली, जशी निजलेल्या लेकराच्या मानेखालून हात काढून घ्यावा. मग आपली बोटं धोतराला पुसत राहिले. पुसतच राहिले.

माझी विजार अजून घोट्यांभोवती होती. ती वर घ्यायचं मला सुचलं नव्हतं, दुसऱ्या कुणालाही सुचलं नव्हतं. आई पायऱ्या चढून वर आली. तिने वाकून विजार वर ओढली, झब्बा दातांत धरला आणि नाडी बांधायला घेतली. गाठ बसेना. एकदा सुटली, पुन्हा सुटली. मला तिच्याकडे बघवेना म्हणून मी समोर बघितलं, तर समोर सगळं वऱ्हाड होतं.

मग ताई खुर्चीवरून उठली. शालूची गाठ होती, म्हणून दाजीही उठले. ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली, दाजीही आले. तिने आईचे हात बाजूला केले आणि ती वाकली. दाजींनाही वाकावं लागलं. मुंडावळ्या बांधलेली दोन डोकी माझ्या पोटाशी, आणि हिरव्या चुड्याचा किणकिण आवाज.

"धैर्या," ताई खालूनच, मला एकट्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "मी पाट मागितला होता का रे?"

मागितला नव्हता. कुणीच मागितला नव्हता.